वेबसाइट बदलली की मेल बंद पडतो: डोमेनच्या डीएनएस नोंदींची दुरुस्ती

वाळूजमधला सुट्या भागांचा कारखाना असो, जालन्याची बियाणं कंपनी असो की लातूरची डाळ मिल, तक्रार एकच येते. वेबसाइट नवी करून घेतली किंवा होस्टिंग बदललं, आणि तेव्हापासून कंपनीच्या पत्त्यावर मेल येईनासे झाले. कुठे येतात पण निम्मेच. कुठे येतात सगळे, पण इथून गेलेले समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात. कुणीतरी येऊन दुरुस्त करून जातं, काही महिने बरे जातात, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

छोट्या कारखान्याचा मेल एक दिवस बंद राहिला तर काय होतं हे ज्याला सोसावं लागलं त्यालाच माहीत. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाने मागितलेलं कोटेशन ठरलेल्या वेळेतच द्यावं लागतं. ड्रॉइंगमध्ये बदल झाल्याचा मेल पोहोचला नाही तर जुन्या मापाचा माल तयार होऊन पडून राहतो. म्हणून हे सगळं कॉम्प्युटरवाल्यावर सोडून मोकळं होता येत नाही. मालकाने स्वतः समजून घ्यावं इतकं ते महत्त्वाचं आहे, आणि समजायला फार अवघडही नाही.

बहुतेक वेळा मेल सर्व्हर ठणठणीत असतो. गडबड डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत हे जगाला सांगणाऱ्या नोंदवहीत असते, आणि ती परत परत होते कारण त्या डोमेनचा डीएनएस नेमका कुठे आहे हे कंपनीत कुणालाच ठाऊक नसतं. डोमेन एकाच्या खात्यावर, होस्टिंग दुसऱ्याकडे, मेल गूगलकडे नाहीतर झोहोकडे, आणि प्रत्येक जण आपापल्या पॅनलमध्ये बदल करून मोकळा होतो. हा गुंता सुटल्याशिवाय पुढच्या कुठल्याही नोंदीला हात लावण्यात अर्थ नाही.

पुढे नोंदी आणि कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायच्या.

नेमसर्व्हर कुणाचे आहेत ते आधी बघा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'एनएसलुकअप -टाइप=एनएस तुमचंडोमेन.इन' असं टाका. उत्तरात दोन किंवा जास्त नेमसर्व्हरची, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या सर्व्हरची, नावं येतील. ती ज्या कंपनीची असतील, त्या कंपनीच्या पॅनलमधल्याच नोंदी जगाला दिसतात. बाकी कुठे कितीही नोंदी भरल्या तरी त्या कागदावरच राहतात. फसगत होते ती इथेच, कारण डोमेन जिथून विकत घेतलं तिथल्या पॅनलमध्येही नोंदी भरायचा तक्ता बऱ्याचदा उघडाच असतो. नेमसर्व्हर दुसरीकडे वळवलेले असले तरी तो नोंद स्वीकारतो, 'सेव्ह झालं' म्हणतो, आणि माणूस समाधानाने उठतो.

परभणीच्या एका कृषी सेवा केंद्रात नेमकं हेच झालं होतं. "सर, समोरचे म्हणतेत मेल टाकला, आमच्याकडं तर आलाच नाही," हे तिथलं म्हणणं. पाठवणाऱ्याकडेही मेल परत येत नव्हता, त्यामुळे दोन्हीकडचे एकमेकांवर संशय घेऊन बसले होते. डोमेन घेतलं त्या पॅनलमध्ये गूगलच्या एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे द्यायचा ते सांगणाऱ्या नोंदी, अगदी बरोबर होत्या. नेमसर्व्हर मात्र होस्टिंगवाल्याचे होते, आणि तिथल्या झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या संचात, एमएक्स होस्टिंगकडेच वळलेला. त्या होस्टिंगवर तोच पत्ता पूर्वी कधीतरी तयार केलेला होता. मेल तिथल्या पेटीत मुकाट्याने साठत होते. वेबमेल उघडल्यावर सगळे तिथे सापडले, कंपन्यांच्या दरपत्रकांसकट.

यातली खूण लक्षात ठेवा. मेल येत नाही आणि परतही जात नाही, याचा अर्थ बहुधा तो कुठेतरी पोहोचतोय. तो कुठे पोहोचतोय ते शोधायचं. परत जात असेल तर काम सोपं, कारण परतीच्या मेलमध्ये कारण लिहिलेलं असतं.

आता ही वेळ येते कशी? वेबसाइट बनवणारा सांगतो, "नेमसर्व्हर तेवढे बदलून द्या." त्याच्या दृष्टीने ही सोपी वाट आहे, साइट लगेच चालू होते. पण नेमसर्व्हर बदलले की फक्त वेबसाइट हलत नाही. डोमेनचा अख्खा झोन हलतो. एका खोलीला रंग द्यायचाय म्हणून सगळं बिऱ्हाडच दुसऱ्या गल्लीत नेण्यातला हा प्रकार आहे. जुन्या झोनमधल्या एमएक्स आणि पाठवलेला मेल खरा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम या नोंदी आपोआप सोबत येत नाहीत. नव्या जागी होस्टिंगने स्वतःच्या सोयीच्या नोंदी आधीच भरून ठेवलेल्या असतात, आणि मेल तिकडे वळतो.

वेबसाइट हलवायला नेमसर्व्हर बदलण्याची गरज सहसा नसते. मूळ डोमेनची आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची ए नोंद, म्हणजे नावाला सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) जोडणारी नोंद, नव्या सर्व्हरच्या आयपीकडे वळवली की झालं, मेलच्या नोंदींना धक्काही लागत नाही. काही कारणाने नेमसर्व्हर बदलावेच लागले, तर आधी जुन्या झोनची पूर्ण नक्कल उतरवून घ्या, नव्या जागी एकेक नोंद भरा, नव्या नेमसर्व्हरला थेट विचारून उत्तरं बरोबर येतात का बघा, आणि मगच बदल करा. थेट विचारायचं म्हणजे 'एनएसलुकअप -टाइप=एमएक्स तुमचंडोमेन.इन' यापुढे एक जागा सोडून त्या नेमसर्व्हरचं नाव लिहायचं.

थेट विचारण्याची ही सवय आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. बदल केला आणि फरक दिसला नाही की "थांबा, २४ ते ४८ तास लागतात" असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात नोंद कुठे प्रवास करत नसते. जगभरचे सर्व्हर जुनं उत्तर ठरावीक वेळ लक्षात ठेवतात आणि ती वेळ संपली की पुन्हा विचारतात. ती वेळ म्हणजे टीटीएल, सेकंदांत लिहिलेला. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. तुमच्या नेमसर्व्हरनेच चुकीचं उत्तर दिलं, तर दोन दिवस थांबून काही होणार नाही, नोंदच चुकलेली आहे. त्याचं उत्तर बरोबर असेल तर जुना टीटीएल संपेपर्यंत निवांत बसा आणि मधे आणखी काही बदलू नका. मोठा बदल ठरलेला असेल तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० वर आणून ठेवावा, म्हणजे चुकलं तरी पाच मिनिटांत मागे फिरता येतं.

एमएक्स: निम्मेच मेल येण्याचं कारण

एमएक्स नोंद सांगते की या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा. तिच्यात सर्व्हरचं नाव लागतं, आयपी चालत नाही. ते नाव सीनेमचंही, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनावही, चालत नाही, त्याला स्वतःची ए नोंद हवी. नावाबरोबर प्राधान्याचा आकडा असतो आणि लहान आकडा आधी धरला जातो. गूगलच्या पूर्वीच्या पाच नोंदी अजून चालतात, पण २०२३ पासून नव्या खात्यांना 'एसएमटीपी.गूगल.कॉम' ही एकच नोंद, प्राधान्य १, सांगितली जाते. झोहोचं खातं भारतातल्या डेटा सेंटरवर असेल तर एमएक्सची नावं .इनने संपतात. कुठल्यातरी व्हिडिओत बघून .कॉमची टाकली की मेल येत नाही. नेहमी आपल्या खात्याच्या अ‍ॅडमिन पॅनलमध्ये दाखवलेलीच नावं उचलावीत.

"कधी मेल येतो, कधी येत नाही" या तक्रारीत पहिल्यांदा जुनी एमएक्स नोंद शोधा. नवी टाकताना जुनी काढलेली नसते, "असू द्या बॅकअप म्हणून" असा विचार असतो. दोन्हींचं प्राधान्य सारखं असेल तर मेल आलटून पालटून दोन्हीकडे जातो. प्राधान्य वेगळं असेल तर एरवी सगळं सुरळीत दिसतं, पण नव्या सर्व्हरने क्षणभर उशीर केला की पाठवणारा दुसऱ्या नोंदीकडे वळतो आणि तो मेल जुन्या पेटीत जाऊन पडतो. आठवड्यातून एखादा मेल गहाळ होण्याचं गूढ बहुधा इथेच उकलतं. ज्या सर्व्हरची पेटी तुम्ही रोज उघडत नाही, त्याची एमएक्स नोंद ठेवू नका.

एमएक्स अजिबातच नसेल तर पाठवणारा डोमेनच्या ए नोंदीकडे, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरकडे मेल नेऊन देतो. त्यामुळे एमएक्स चुकून पुसली गेली तरी सगळं एकदम कोसळत नाही, फक्त मेल भलत्या दारात जातो.

नाव भरण्याच्या रकान्यातही घोळ होतो. बरीच पॅनलं तुम्ही लिहिलेल्या नावापुढे डोमेन स्वतःहून जोडतात. तुम्ही 'मेल.तुमचंडोमेन.इन' असं पूर्ण लिहिलं की नोंद 'मेल.तुमचंडोमेन.इन.तुमचंडोमेन.इन' या नावाने तयार होते आणि कुणाला सापडत नाही. तिथे नुसतं 'मेल' लिहायचं, आणि मूळ डोमेनसाठी @ हे चिन्ह. क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर मेल सर्व्हरच्या ए नोंदीपुढचा नारिंगी ढग बंद करून राखाडी करा. ढग चालू असताना मधे येणाऱ्या प्रॉक्सी सर्व्हरमधून वेबसाइटची वाहतूक जाते, मेलची जात नाही.

आता एक दुखणं जरा सविस्तर सांगतो, कारण ते एमएक्स तपासून कधीच सापडत नाही. बाहेरचे सगळे मेल नीट येतात, पण वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मचे येत नाहीत. सी-पॅनल या सॉफ्टवेअरने सांभाळल्या जाणाऱ्या होस्टिंगवर हे हमखास होतं. वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे त्याला वाटतं की या डोमेनचा मेलही माझ्याकडेच आहे. मग तो एमएक्स कुणाला विचारायलाच जात नाही, मेल आपल्याच पोटात ठेवतो. सी-पॅनलमध्ये 'ईमेल राउटिंग' नावाची जागा आहे. तिथे 'लोकल मेल एक्सचेंजर' असतं, ते 'रिमोट मेल एक्सचेंजर' करायचं. एवढ्यानेच फॉर्म सुरू होतो. याचा दुसरा फटका आपल्याकडे जास्त बसतो, कारण गावातला एकच डिझायनर अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर ठेवतो. त्यातल्या आडत दुकानाने आपल्या होस्टिंगवरून शेजारच्या मिलला मेल पाठवला तर तोही सर्व्हरच्या बाहेर पडत नाही. पुण्या-मुंबईचे मेल येतात आणि गावातल्या गावातले येत नाहीत, असं कुणी म्हणालं की सरळ ईमेल राउटिंग उघडा.

एसपीएफ: आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतं?

आता पाठवण्याची बाजू. एसपीएफ ही एक टेक्स्ट नोंद आहे. या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे, ते तिच्यात लिहिलेलं असतं. गूगलवर मेल आणि शिवाय स्वतःचा एक सर्व्हर असेल तर ती अशी दिसते:

व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम आयपी४:२०३.०.११३.२५ ~ऑल

एका डोमेनला अशी एकच नोंद हवी. दोन झाल्या तर दोन्ही रद्द धरल्या जातात, नियमाच्या भाषेत कायमची त्रुटी. हे फार होतं. गूगलच्या मदत पानावरून एक नोंद टाकलेली असते, बल्क मेलवाल्याने आपली दुसरी टाकायला सांगितलेली असते, होस्टिंगची तिसरी आधीपासून बसलेली असते. या सगळ्यांचे 'इन्क्लूड' एकाच ओळीत घ्यायचे.

दुसरी मर्यादा १० ची. एसपीएफ तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस चौकश्या लागल्या तरीही कायमची त्रुटी येते. 'इन्क्लूड', 'ए', 'एमएक्स', 'पीटीआर', 'एक्झिस्ट्स' आणि 'रीडायरेक्ट' मोजले जातात, आणि 'इन्क्लूड'च्या आतले 'इन्क्लूड'ही त्यात येतात. 'आयपी४', 'आयपी६' आणि 'ऑल' मोजले जात नाहीत. जुन्या, सोडून दिलेल्या सेवांचे 'इन्क्लूड' काढले की बहुतेकांचा आकडा खाली येतो. काही पॅनलांत अजून 'एसपीएफ' नावाचा वेगळा नोंदप्रकार दिसतो. २०१४ च्या मानकाने तो मोडीत काढला आहे, टेक्स्ट प्रकारच निवडा.

पण खरं काम पॅनलच्या बाहेर आहे. अकाउंटंटला, सेल्सवाल्याला आणि स्टोअरच्या माणसाला समोर बसवा आणि विचारा, कंपनीच्या पत्त्यावरून मेल कुठून कुठून जातात? टॅलीतून बिलं थेट मेल होतात का, आणि त्यात एसएमटीपी (मेल पाठवणारा) सर्व्हर म्हणून कुणाचं नाव भरलंय? क्लासेस असतील तर पालकांना निकालाचे आणि फीचे मेल कुठल्या सॉफ्टवेअरमधून जातात? स्कॅनर कम झेरॉक्स मशीन स्कॅन करून मेल करतं का? लातूरच्या एका क्लासमध्ये शिक्षकांचे मेल व्यवस्थित पोहोचत होते आणि फीच्या पावत्या सगळ्या स्पॅममध्ये, कारण पावत्यांचं सॉफ्टवेअर अजून जुन्या होस्टिंगच्या एसएमटीपीमधून पाठवत होतं आणि तो सर्व्हर एसपीएफमधून कधीच गेला होता. अशा वेळी एसपीएफमध्ये जुना सर्व्हर परत घुसडू नका. सॉफ्टवेअरमध्येच नव्या मेल सेवेचा एसएमटीपी आणि पासवर्ड भरा.

नोंदीच्या शेवटी '~ऑल' (यादीबाहेरचा मेल संशयित धरा) ठेवावा की '-ऑल' (नापास धरा), यावर लोक हिरिरीने भांडतात. माझं मत, डीमार्क (तो पुढे येतोच) लावणार असाल तर '~ऑल' पुरेसा आहे. '+ऑल' मात्र कुणी लावून ठेवला असेल तर आजच काढा, त्याचा अर्थ जगातल्या कुणालाही तुमच्या नावाने मेल पाठवायची मुभा.

डीकिम: गेल्याचं कळतच नाही

डीकिममध्ये पाठवणारा सर्व्हर प्रत्येक मेलवर सही करतो आणि ती तपासायची सार्वजनिक चावी डीएनएसमध्ये असते. नोंदीचं नाव 'सिलेक्टर._डोमेनकी' असं असतं, सिलेक्टर म्हणजे त्या चावीचं नाव. गूगलमध्ये सिलेक्टर बदलला नसेल तर 'गूगल' असतो, इतर सेवा आपापला देतात. प्रत्येक सेवेची चावी वेगळी आणि सिलेक्टर वेगळा, त्यामुळे या नोंदी कितीही असल्या तरी चालतात. एसपीएफसारखं एकाच नोंदीचं बंधन इथे नाही.

त्रास होतो तो लांबीमुळे. टेक्स्ट नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांच्या पुढे जाऊ शकत नाही आणि २०४८ बिटांची चावी त्याहून मोठी असते. चांगली पॅनलं तिचे तुकडे स्वतः करतात. काही पॅनलं नोंद नाकारतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही चावी गुपचूप मधेच तोडून सेव्ह करतात. तुकडे हाताने करायचे झाले तर प्रत्येक तुकडा दुहेरी अवतरणात, दोन तुकड्यांमध्ये एक जागा. व्हॉट्सअ‍ॅपवरून चावी पाठवू नका. तिथून कॉपी करताना मधेच ओळ तुटते, नाहीतर साधं अवतरण तिरकं होतं, आणि तपासणी नापास होते. पॅनलमधली चावी आणि सेवेने दिलेली चावी यांची शेवटची आठ-दहा अक्षरं जुळतात का, एवढं बघितलं तरी तुटलेली चावी पकडता येते.

गूगलमध्ये नोंद टाकल्यावर अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये परत जाऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबावं लागतं. डीएनएसमध्ये चावी आहे पण मेलवर सही नाही, ही अवस्था वर्षानुवर्षं तशीच राहिलेली दिसते.

नेमसर्व्हर बदलताना सगळ्यात जास्त हरवते ती हीच नोंद. एमएक्स गेली तर मेल बंद पडतो, बोंबाबोंब होते, कुणीतरी दुरुस्त करतं. डीकिम गेली तर मेल येत राहतो, जातही राहतो, फक्त हळूहळू स्पॅमकडे सरकतो. कुणाला कळेपर्यंत महिने उलटलेले असतात आणि तोवर वेबसाइट बदलल्याची आठवणही कुणी याच्याशी जोडत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर जीमेलच्या एखाद्या साध्या खात्यावर मेल पाठवून तिथे 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसायला हवं, आणि डीकिमच्या ओळीत तुमचंच डोमेन हवं, सेवा देणाऱ्याचं नव्हे.

डीमार्क, आणि नाव बदललेलं शहर

एसपीएफ तपासतं ते मेलच्या आतल्या परतीच्या पत्त्याचं डोमेन, वाचणाऱ्याला दिसणारं 'फ्रॉम' नव्हे. ही फट बुजवतो डीमार्क. दिसणाऱ्या पत्त्याचं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकिमने पास केलेलं डोमेन यांपैकी निदान एक तरी जुळलं पाहिजे, असं तो सांगतो, आणि न जुळल्यास काय करायचं तेही. सुरुवातीची नोंद '_डीमार्क' या नावाने:

व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:अहवाल@तुमचंडोमेन.इन

'पी=नन' म्हणजे काही अडवू नका, फक्त कळवा. मग गूगल, याहू वगैरे साधारण रोज एक अहवाल पाठवतात. त्यात तुमच्या नावाने कुठल्या आयपीवरून किती मेल गेले ते असतं. अकाउंटंटला आठवला नव्हता तो जुना सर्व्हर इथे सापडतो. सगळे खरे स्रोत पास होऊ लागले की 'पी=क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) आणि मग 'पी=रिजेक्ट' (नाकारा). आमच्याकडचे बहुतेक जण 'नन'वर थांबतात आणि विसरून जातात. 'नन'ने कुणी बनावट मेल पाठवणारा अडत नाही. "आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या नव्या खात्यावर करा" असा मेल तुमच्याच पत्त्यावरून तुमच्या ग्राहकाला गेला, तर पैसेही जातात आणि नावही. 'रिजेक्ट' असेल तर डीमार्क पाळणारे सर्व्हर असा मेल दारातच थांबवतात. अक्षर बदलून घेतलेल्या मिळत्याजुळत्या डोमेनवर मात्र त्याचा इलाज नाही. खातं बदलल्याचा मेल आला की फोन करून खात्री करायची पद्धत ठेवलीच पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. थोडे मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकिम हवंच. जीमेलवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात. प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली. मायक्रोसॉफ्टने आउटलुक.कॉम आणि हॉटमेलसाठी तशाच अटी मे २०२५ पासून घातल्या. प्रवेशाच्या हंगामात हजारो पालकांना मेल करणारे क्लासेस या आकड्याला सहज भिडतात.

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झाल्यावर ज्यांच्या डोमेनमध्ये शहराचं जुनं नाव होतं त्यांनी नवं डोमेन घेतलं तर मेलच्या दृष्टीने दोन डोमेनांचा विचार करावा लागतो. नव्याला एमएक्स, एसपीएफ, डीकिम, डीमार्क सगळं स्वतःचं लागतं, जुन्याचं त्याला लागू होत नाही. आणि जुनं डोमेन सोडून देऊ नका, ही कळकळीची विनंती. मुदत संपून ते मोकळं झालं की कुणीही विकत घेऊन त्यावर एमएक्स लावू शकतो. बँकेत, जीएसटी पोर्टलवर, ग्राहकांच्या व्हेंडर पोर्टलवर अजून तोच जुना मेल पत्ता नोंदलेला असेल, तर पासवर्ड बदलायचे दुवे त्या अनोळखी माणसाकडे जातील. जुन्या डोमेनवर मेल अजून येत असतील तर ते नव्या खात्याला जोडून चालू ठेवा. पूर्ण बंद केलं असेल तरी नूतनीकरण करत राहा आणि तीन नोंदी लावून ठेवा: एमएक्समध्ये प्राधान्य ० आणि नावाच्या जागी नुसता पूर्णविराम, एसपीएफमध्ये 'व्ही=एसपीएफ१ -ऑल', आणि डीमार्कमध्ये 'पी=रिजेक्ट'.

स्वतःचा सर्व्हर असेल तर

गूगल किंवा झोहो वापरणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवायचा तर पीटीआर नोंद लागते, म्हणजे आयपीवरून नाव सापडलं पाहिजे आणि त्या नावावरून परत तोच आयपी. ही नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये टाकता येत नाही. आयपी ज्याचा, तोच ती लावतो: क्लाउडवाला किंवा इंटरनेटची लाइन देणारा. जीमेलकडून ५.७.२५ आकड्यासह मेल परत आला तर पीटीआर बघा, ५.७.२६ असेल तर एसपीएफ-डीकिम. ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून थेट पाठवायचा नाद करू नये. अशा आयपींच्या पट्ट्याच्या पट्ट्या स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या यादीत आधीच असतात. गूगल क्लाउडवर मेल बाहेर पाठवायचा २५ क्रमांकाचा पोर्ट सहसा बंदच असतो आणि अ‍ॅमेझॉनवर तो अर्ज करून उघडून घ्यावा लागतो. आत येणाऱ्या मेलची काळजी तुलनेने कमी: लाईट गेली आणि सर्व्हर काही तास बंद राहिला तरी पाठवणारे सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पाठवण्यासाठी मात्र एखादी रिले सेवा, म्हणजे तुमच्या वतीने मेल पोहोचवणारी सेवा, घ्यावी, असंच मी सांगतो.

पुढच्या वेळी डिझायनरला काय द्यायचं

डोमेन कंपनीच्या नावावर आणि मालकाच्या मेल पत्त्यावर आहे का ते बघा. तो पत्ता त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन अडकलं की खात्यात शिरायचा रस्ताही अडकतो. डोमेन डिझायनरच्या खात्यात असेल तर लॉक काढून ट्रान्सफर कोड मागून घ्या आणि आपल्या खात्यात आणा. संबंध चांगले असतानाच हे करावं. मग झोनची पूर्ण नक्कल एका फाइलमध्ये उतरवा आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कशासाठी आहे ते मराठीत लिहा: 'ही टॅलीच्या बिलांसाठी', 'ही निकालाच्या मेलसाठी'. आज ज्याला आठवतंय तो उद्या नोकरी सोडून जातो, आणि अनोळखी नोंद बघून नवा माणूस ती पुसून टाकतो.

वेबसाइटवाल्याला नेमसर्व्हरचं पॅनल देऊ नका. त्याच्याकडून नव्या सर्व्हरचा आयपी मागा, ए नोंदी स्वतः बदला. बदल झाल्यावर तीन मेल करून बघा: जीमेलवरून कंपनीच्या पत्त्यावर, कंपनीच्या पत्त्यावरून जीमेलवर, आणि वेबसाइटच्या चौकशी फॉर्ममधून. जीमेलवर गेलेल्या मेलचं 'शो ओरिजिनल' उघडून त्याचा स्क्रीनशॉट त्या फाइलशेजारी तारखेसकट ठेवून द्या.